न्यूक्लियर एक्स्ट्रॅक्शन किट: केंद्रकपटलाच्या कसोटीवर

पेशीद्रव एका ट्यूबमध्ये, केंद्रकातली प्रथिनं दुसऱ्या ट्यूबमध्ये. लागतात सव्वा ते दीड तास, बर्फ आणि टेबलावरचा साधा सेंट्रीफ्यूज. तीन बाटल्यांच्या न्यूक्लियर एक्स्ट्रॅक्शन किटचा दावा एवढाच असतो. बऱ्याच कंपन्या या घडणीचं किट विकतात. झाकणांचे रंग आणि द्रावणांची नावं वेगळी असली तरी आतली युक्ती एकच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या किटचं आहे.

निकाल आधीच सांगायला हरकत नाही. मोठ्या आणि मिठाने सुटणाऱ्या प्रथिनांसाठी, म्हणजे मुख्यतः ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांसाठी (डीएनएला धरून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं), हे किट उत्तम आहे. केंद्रकपटलाच्या स्वतःच्या प्रथिनांसाठी ते जवळपास निरुपयोगी आहे, कारण ती प्रथिनं आपण टाकून देतो त्या गाळात असतात. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वस्तुमानाचं एकक) लहान प्रथिनांबाबत तर ते चक्क चुकीचं उत्तर देऊ शकतं. या तिन्ही गोष्टींचं कारण केंद्रकपटलाच्या रचनेत आहे. ती रचना समजून घेतली की किटचं माहितीपत्रक अधिक डोळसपणे वाचता येतं.

बाटल्यांत काय असतं

पहिल्या बाटलीत कमी क्षारांचं द्रावण असतं. त्यात पेशी पाणी शोषून फुगते. दुसऱ्या लहान बाटलीत डिटर्जंटचं घट्ट द्रावण असतं आणि तिसरीत जास्त मिठाचं. नेमके घटक कंपन्या सांगत नाहीत, पण या पद्धतीची कुळी उघड आहे. डिग्नम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिलेल्या कृतीत पेशी १० मिलिमोलर हेपेस (पीएच ७.९), १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ०.५ मिलिमोलर डीटीटी यांत फुगवत. मग काचेच्या डाउन्स होमोजेनायझरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्याने त्या फोडत आणि केंद्रकं ०.४२ मोलर सोडियम क्लोराइड व २५ टक्के ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात ढवळत. १९८९ मध्ये श्रायबर आणि सहकाऱ्यांनी ही कृती छोट्या ट्यूबमध्ये बसवली. त्यांनी काचेच्या दांड्याऐवजी एनपी-४० हे डिटर्जंट वापरलं: ४०० मायक्रोलिटर द्रावणात १० टक्क्यांचं २५ मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी सुमारे ०.६ टक्के. आजची किट याच छोट्या कृतीची तयार रूपं आहेत. सुमारे २० मायक्रोलिटर पेशींच्या पेलेटला (स्पिननंतर तळाशी बसलेल्या गोळ्याला) तिन्ही द्रावणं अनुक्रमे २००, ११ आणि १०० मायक्रोलिटर, असं प्रमाण सर्रास आढळतं.

या बदलाची किंमत फारशी कुणी बोलून दाखवत नाही. दांड्याने फोडलेल्या पेशीत केंद्रकाची दोन्ही पटलं बऱ्यापैकी शाबूत राहू शकतात. डिटर्जंटने फोडलेल्या पेशीत तशी राहत नाहीत.

डिटर्जंट नेमकं काय सोलतं

केंद्रकपटल म्हणजे दोन पटलं आणि त्यांच्यामधली ३० ते ५० नॅनोमीटरची पोकळी. बाहेरचं पटल आंतर्द्रव्यजालिकेचाच, म्हणजे पेशीद्रवात पसरलेल्या पटलांच्या जाळ्याचाच, विस्तार आहे. त्याच्यावर रायबोसोम असतात आणि मधली पोकळी जालिकेच्या पोकळीला थेट जोडलेली असते. आतल्या पटलाची प्रथिनं निराळी: एमेरिन, लॅमिन बी रिसेप्टर, लॅप-२ यांसारखी. त्यांचं एक टोक आत वळून लॅमिनाला किंवा क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याला बांधणारी प्रथिनं) धरून असतं. लॅमिना हे लॅमिन प्रथिनांच्या तंतूंचं जाळं आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हे तंतू सुमारे ३.५ नॅनोमीटर जाडीचे असून त्यांचा थर सुमारे १४ नॅनोमीटरचा असल्याचं २०१७ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीतून दिसलं. जिथे दोन पटलं एकमेकांना मिळतात तिथे केंद्रकरंध्र बसतं. एका रंध्रात सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या मिळून शेकडो प्रती आठ आऱ्यांच्या चक्रासारख्या रचलेल्या असतात. पृष्ठवंशी प्राण्यांत अशा एका रंध्राचं वस्तुमान १०० मेगाडाल्टनच्या वर जातं आणि मानवी पेशीच्या एका केंद्रकात अशी काही हजार रंध्रं असतात.

आता यावर अर्धा टक्का एनपी-४० ओतलं की प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं स्वतःचं बाहेरचं आवरण, विरघळतं आणि त्यापाठोपाठ केंद्रकाचं बाहेरचं पटलही बऱ्याच अंशी जातं. दोन्ही लिपिडचीच बनलेली आहेत आणि हे डिटर्जंट त्यांत भेद करत नाही. आतल्या पटलाचं लिपिडही थोडंफार निघतं. मग केंद्रक फुटत कसं नाही? ते लॅमिनाने आणि तिला जखडलेल्या रंध्रांनी धरून ठेवलेलं असतं. ॲरनसन आणि ब्लोबेल यांनी १९७५ मध्ये उंदराच्या यकृतातल्या केंद्रकांवरून हेच दाखवलं होतं. ट्रायटन एक्स-१०० ने पटलं काढून टाकली, आतला डीएनए आणि प्रथिनं काढली, तरी रंध्रं आणि लॅमिना यांचा सांगाडा तसाच उरतो. पेशीविज्ञानातल्या सर्वांत देखण्या निरीक्षणांपैकी हे एक आहे आणि या किटचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. पहिल्या स्पिननंतर ट्यूबच्या तळाशी जे दिसतं ते पटलांसह अखंड केंद्रक नसतं. ते लॅमिनाने बांधलेलं, बाहेरून बरंचसं सोललेलं क्रोमॅटिन असतं.

म्हणून डिटर्जंटची मात्रा आणि वेळ या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. कमी पडलं तर आंतर्द्रव्यजालिका केंद्रकाला चिकटून येते. जास्त झालं तर केंद्रकातला माल पहिल्याच ट्यूबमध्ये उतरतो.

पायऱ्या आणि प्रत्येकीतली खोट

पेशी आधी थंड पीबीएसने (फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण) धुवाव्यात आणि पेलेटवरचं पीबीएस शक्य तितकं काढावं. २० मायक्रोलिटर पेलेटवर ५० मायक्रोलिटर पीबीएस उरलं तर पहिल्या द्रावणातले क्षार वाढतात, पेशी नीट फुगत नाही आणि डिटर्जंटही पातळ होतं. पेलेटचा आकार पेशी मोजून काढण्यापेक्षा शेजारी तशाच ट्यूबमध्ये १०, २० आणि ५० मायक्रोलिटर पाणी ठेवून नजरेने जुळवावा. पेशींच्या आकारांत फरक असतो, त्यामुळे माहितीपत्रकातला "इतक्या लाख पेशी म्हणजे इतकं आकारमान" हा तक्ता लिम्फोसाइट आणि फायब्रोब्लास्ट या दोघांना लागू पडत नाही.

पहिलं द्रावण घालून १५ सेकंद जोरात व्होर्टेक्स (यंत्रावर ट्यूब गरगर हलवणं), मग बर्फावर १० मिनिटं. या टप्प्यावर जोर लावायला हरकत नाही, कारण प्रद्रव्यपटल अजून शाबूत असतं. गाठी मोडल्या नाहीत तर गाठीच्या आतल्या पेशी फुटत नाहीत आणि त्यांचं सगळं पेशीद्रव पुढे "केंद्रकाच्या" ट्यूबमध्ये जातं. प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारी रसायनं, उदाहरणार्थ पीएमएसएफ) याच वेळी घालायचे, बाटलीत आधीपासून नाही. पीएमएसएफ पीएच ८ ला, २५ अंश सेल्सियसला सुमारे ३५ मिनिटांत निम्मं उरतं. इन्हिबिटरची गोळी ईडीटीए नसलेली घ्यावी. केंद्रकाचं क्रोमॅटिन घट्ट राहायला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच पळवतं. मग केंद्रकं फुगतात, काही फुटतात आणि डीएनए बाहेर येतो.

दुसरं द्रावण घातल्यावर ५ सेकंद व्होर्टेक्स, १ मिनिट बर्फ, पुन्हा ५ सेकंद. इथे मात्र हात आखडता हवा. डिटर्जंट आल्यानंतर केंद्रकाला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरलेली असते, ती म्हणजे लॅमिना. जोरात आणि जास्त वेळ हलवलं तर ती फाटते. पेलेट तारेसारखा ओढला जाऊ लागला किंवा पिपेटच्या टोकाला चिकट धागा आला तर डीएनए सुटला असं समजावं. हा नमुना पुन्हा स्पिन करून सुधारत नाही. तो टाकून नव्याने सुरुवात करणंच शहाणपणाचं.

आता स्पिन. बहुतेक पत्रकं इथे १६,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६,००० पट) वर ५ मिनिटं सांगतात आणि माझ्या मते किटचा हा सर्वांत कच्चा दुवा आहे. केंद्रक ५०० ते ७०० जी वर ५ मिनिटांत सहज बसतं. तंतुकणिका बसवायला साधारण ७,००० ते १०,००० जी लागतात. १६,००० जी लावलं की केंद्रकांबरोबर न विरघळलेल्या तंतुकणिका, जालिकेचे तुकडे आणि सांगाड्याचे तंतूही खाली येतात. उपाय सोपा आहे. आधी ६०० जी वर ५ मिनिटं स्पिन करून वरचं द्रावण वेगळ्या ट्यूबमध्ये घ्यायचं आणि त्या वरच्या द्रावणालाच मग १६,००० जी वर फिरवून स्वच्छ पेशीद्रव मिळवायचं. केंद्रकाच्या पेलेटला तो वेग लावायचाच नाही. कमी वेगावरचा पेलेट सैल असतो, म्हणून शेवटचे १० ते १५ मायक्रोलिटर सोडून द्यावेत.

ते सोडलेले मायक्रोलिटर निरुपद्रवी नसतात. एकूण २११ मायक्रोलिटरमधले १० मागे राहिले म्हणजे पेशीद्रवाचा सुमारे ५ टक्के भाग केंद्रकाच्या ट्यूबमध्ये गेला. गॅपडीएचसारख्या पेशीद्रवात भरपूर प्रमाणात असलेल्या प्रथिनाचा बँड (जेलवर प्रथिनं आकारानुसार वेगळी केल्यावर दिसणारा पट्टा) एवढ्यानेही स्पष्ट दिसतो. पेलेट एकदा २०० मायक्रोलिटर ताज्या पहिल्या द्रावणाने हलकेच धुवून पुन्हा ६०० जी वर बसवला आणि पुन्हा १० मायक्रोलिटर सोडले, तर हा भाग पाव टक्क्यावर येतो. बऱ्याच पत्रकांत धुण्याची ही पायरीच नसते. ती वाढवल्याने १० मिनिटं जास्त जातात. लहान प्रथिनं शोधत असाल तर तिचा तोटाही आहे, पण त्याबद्दल खाली.

पुढे जाण्याआधी सूक्ष्मदर्शक. ५ मायक्रोलिटर नमुन्यात तेवढंच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू (फक्त फुटलेल्या पेशींत शिरणारा रंग) मिसळून पाहायला २ मिनिटंही लागत नाहीत. फोडण्याआधी ५ टक्क्यांहून कमी पेशी निळ्या हव्यात, फोडल्यावर ९५ टक्क्यांहून जास्त. केंद्रक गोल, कडेने स्वच्छ आणि भोवती पेशीद्रवाच्या चिंध्या नसलेलं दिसायला हवं. पांढऱ्या, चमकदार पेशी उरल्या असतील तर बर्फावर आणखी २ मिनिटं द्यावीत. व्होर्टेक्स वाढवू नये. हे पाहणं किटच्या पत्रकात पर्यायी म्हणून असतं किंवा नसतंच. खरं तर नव्या पेशीप्रकाराला ते सक्तीचं असायला हवं.

शेवटी तिसरं द्रावण. ४० मिनिटं बर्फावर, दर १० मिनिटांनी १५ सेकंद व्होर्टेक्स, मग १६,००० जी वर १० मिनिटं. सुमारे ०.४ मोलर मिठाने क्रोमॅटिनला विद्युतभारामुळे चिकटलेली बहुतेक नियामक प्रथिनं सुटतात. वर येतं ते केंद्रकाचं अर्क-द्रावण.

मार्कर वाचताना

फसगत इथे सर्वांत जास्त होते, त्यामुळे थोडं थांबून पाहू.

केंद्रकाचा मार्कर, म्हणजे ट्यूबमध्ये कोणता भाग आला ते सांगणारं खुणेचं प्रथिन, म्हणून हिस्टोन एच३ (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) लावण्याची पद्धत आहे. पण मुख्य हिस्टोन डीएनएपासून पूर्ण सुटायला २ मोलरच्या आसपास मीठ लागतं. ०.४ मोलरच्या अर्कात एच३ चा बँड फिका असेल तर अर्क बिघडला असा अर्थ होत नाही. उलट तो खूप गडद असेल तर क्रोमॅटिनचे तुकडे वर आले आहेत का, हे तपासावं. लॅमिन ए/सी चंही तसंच. हे बँड साधारण ७० आणि ६५ किलोडाल्टनजवळ येतात. काही भाग अर्कात मिळतो, मोठा भाग गाळात राहू शकतो, कारण लॅमिनाचं जाळं डिटर्जंट आणि मीठ दोन्हींना दाद देत नाही. अर्काला जोडी हवी ती केंद्रकात राहणाऱ्या पण मिठाने सुटणाऱ्या प्रथिनाची. पार्प-१ (सुमारे ११५ किलोडाल्टन) किंवा एचडॅक-१ (सुमारे ६० ते ६५ किलोडाल्टन) हे चांगले पर्याय आहेत.

पेशीद्रवाच्या बाजूला गॅपडीएच (३७ किलोडाल्टन) किंवा अल्फा-ट्यूब्युलिन (सुमारे ५० किलोडाल्टन) चालतात. ट्यूब्युलिन इथे स्वच्छ दिसतं, कारण बर्फावर सूक्ष्मनलिका विरघळून वर येतात. पण त्यामुळे सांगाड्याची बाकी प्रथिनंही स्वच्छ निघाली असं समजू नये. व्हिमेंटिनचे तंतू थंडीला किंवा सौम्य डिटर्जंटला विरघळत नाहीत. शिवाय केंद्रकपटलाला पेशीच्या सांगाड्याशी जोडणारी साखळी असते. आतल्या पटलात सन प्रथिनं, बाहेरच्या पटलात नेस्प्रिन, मधल्या पोकळीत दोघांची गाठ आणि बाहेर ॲक्टिन व व्हिमेंटिनसारख्या मध्यम जाडीच्या तंतूंवर पकड. त्यामुळे व्हिमेंटिन आणि थोडं ॲक्टिन केंद्रकाबरोबर येणारच. ते पाहून अमुक प्रथिन केंद्रकात जातं असं लिहिणं धोक्याचं.

तिसरा मार्कर बहुतेक जण लावतच नाहीत, तो आंतर्द्रव्यजालिकेचा. कॅल्नेक्सिन (जेलवर सुमारे ९० किलोडाल्टन) केंद्रकाच्या ट्यूबमध्ये किती आहे ते पाहायलाच हवं. बाहेरचं पटल जालिकेचाच भाग असल्यामुळे तिथे कॅल्नेक्सिन अजिबात नसावं ही अपेक्षा अवास्तव आहे. पण ते पेशीद्रवाच्या ट्यूबएवढंच दिसत असेल तर डिटर्जंट कमी पडलं. ज्या प्रथिनाचा शोध चालू आहे ते जालिकेतलं असेल तर या किटवरून ते "केंद्रकात" आहे असा निष्कर्ष काढताच येत नाही.

जेलवर किती भरायचं, हाही प्रश्न सोपा नाही. दोन्ही ट्यूबमधून २० मायक्रोग्रॅम प्रथिन भरलं की केंद्रकाची बाजू फुगवून दाखवली जाते, कारण एका पेशीतलं पेशीद्रवातलं प्रथिन सहसा या अर्कापेक्षा बरंच जास्त असतं. प्रथिनाची वाटणी विचारायची असेल तर पेशींच्या हिशोबाने भरावं: पेशीद्रवाचे १० मायक्रोलिटर तर अर्काचे ४.७ मायक्रोलिटर. प्रथिन मोजताना ब्रॅडफर्ड पद्धत डिटर्जंटने बिघडते आणि बीसीए डीटीटीने. ज्या ट्यूबमध्ये जे आहे तेच रिकाम्या द्रावणात घालून मानक रेषा काढावी.

लहान प्रथिनं: इथे किटवर विश्वास ठेवू नका

केंद्रकरंध्रातून साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिनं कुणाच्या मदतीशिवाय ये-जा करतात. ही काटेकोर सीमा नव्हे. आकार वाढेल तसा वेग कमी होत जातो. मोठ्या प्रथिनांना इम्पोर्टिन किंवा एक्स्पोर्टिन हा वाहक लागतो आणि दिशा ठरवतो तो रॅन, जीटीपी हा ऊर्जाधारी रेणू धरणारं एक लहान प्रथिन. क्रोमॅटिनवर बसलेलं आरसीसी-१ रॅनला जीटीपीने भारतं. रंध्राच्या बाहेरच्या बाजूला असलेलं रॅनगॅप तो जीटीपी तोडायला लावतं. त्यामुळे जीटीपीधारी रॅन आत जास्त आणि बाहेर कमी, हा उतार जिवंत पेशीत सतत टिकवला जातो.

पेशी फोडली की हे सगळं काही क्षणांत थांबतं. जीटीपी पातळ होतो, वाहक वाहून जातात, आणि जे प्रथिन लहान आहे आणि क्रोमॅटिनला घट्ट धरून नाही ते रंध्रांतून किंवा डिटर्जंटने सैल झालेल्या पटलांतून बाहेर पडतं. रॅन स्वतः सुमारे २५ किलोडाल्टनचा. जिवंत पेशीत तो मुख्यतः केंद्रकात असतो, पण किटच्या पेशीद्रवात तो भरपूर दिसतो. एचएमजीबी-१ (क्रोमॅटिनला सैलसर धरणारं, सुमारे २५ किलोडाल्टनचं प्रथिन) असंच फसवतं. पेशीवर ताण आला म्हणून ते केंद्रकातून बाहेर आलं, की बर्फावरच्या १० मिनिटांत गळून आलं, हे या किटवरून कळत नाही. पीसीएनए या डीएनएची प्रत बनताना लागणाऱ्या प्रथिनाचा मोकळा भाग निघून जातो आणि डीएनए बनत असताना साच्यावर अडकलेला भाग राहतो. हा प्रश्नच विचारायचा असेल तर किट उपयोगी आहे, अन्यथा दिशाभूल करणारं आहे. वरची धुण्याची पायरी ही गळती आणखी वाढवते.

अशा प्रथिनासाठी आधी ४ टक्के फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हाच खरा पुरावा. फ्लुओरेसंट जोडणी वापरत असाल तर फक्त जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन), २७ किलोडाल्टन, दोन्हीकडे मोकळं फिरतं हे लक्षात ठेवून जोडलेलं प्रथिन एकूण ६० किलोडाल्टनच्या वर ठेवावं.

जिथे ते खरोखर चमकतं

एनएफ-कप्पा-बी या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं पी६५ हे उत्तम उदाहरण. ६५ किलोडाल्टन, आत जायला वाहक लागतो, आत गेल्यावर डीएनएला धरतं, ०.४ मोलर मिठाने सुटतं. हीला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) देऊन १५ ते ३० मिनिटांनी किट चालवलं तर पी६५ पेशीद्रवातून अर्कात सरकलेलं स्पष्ट दिसतं आणि त्याच वेळी पी६५ ला पेशीद्रवात रोखून धरणारं आयकप्पाबी-अल्फा घटलेलं. नव्या हाताने किट वापरायला घेतलं असेल तर आपलं प्रथिन लावण्याआधी हा प्रयोग एकदा करावा. तो जमला नाही तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही. जेल शिफ्टसाठी (प्रथिन डीएनएला धरतं का ते पाहणारी चाचणी) अर्क थेट वापरता येतो, फक्त मिठाचं प्रमाण बंधन-मिश्रणात ५० ते १०० मिलिमोलरवर येईल इतपत पातळ करावा.

पटलाची प्रथिनं गाळात असतात

केंद्रकपटलाचा अभ्यास करणाऱ्यांनी किट टाकून देऊ नये. तिसऱ्या द्रावणानंतरच्या स्पिनमधला गाळ मात्र अजिबात टाकू नये. लॅमिन ए/सी, लॅमिन बी१, लॅमिन बी रिसेप्टर, रंध्रांची गाभ्याची प्रथिनं बहुतांशी तिथेच असतात. एमेरिनसारखी प्रथिनं लॅमिनाला किती घट्ट धरून आहेत त्याप्रमाणे दोन्हीकडे विभागली जातात. हा गाळ १.५ ते २ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या कमी मिठाच्या द्रावणात घेऊन न्यूक्लिएज (डीएनए तोडणारं विकर) घालून १५ मिनिटं ठेवावा, म्हणजे डीएनएचा चिकटपणा जातो. मीठ धुतल्याशिवाय न्यूक्लिएज घालू नये, जास्त मिठात ते मंदावतं. मग २ टक्के एसडीएस (प्रथिनं उलगडणारं तीव्र डिटर्जंट) असलेलं नमुना-द्रावण. लॅमिनसाठी ९५ अंशांवर ५ मिनिटं चालतात. लॅमिन बी रिसेप्टर पटलातून अनेकदा आरपार जातं आणि उकळल्यावर त्याच्या गुठळ्या होऊन ते जेलच्या तोंडाशीच अडकू शकतं. त्याला ३७ ते ५० अंश पुरे.

दोन परिस्थितींत मात्र हा गाळसुद्धा फसवतो. एक म्हणजे विभाजन. पेशी विभाजनात शिरताना सीडीके-१ हे विकर लॅमिनला आणि रंध्रांच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडतं. लॅमिना सुटी होते, रंध्रं मोडतात, पटल जालिकेत मिसळून जातं. नोकोडॅझोल या औषधाने विभाजनात अडवलेल्या पेशींवर किट चालवलं तर केंद्रकातली विरघळणारी प्रथिनं पेशीद्रवाच्या ट्यूबमध्ये येतात आणि ते अगदी बरोबरच असतं, कारण त्या क्षणी पेशीला बंदिस्त केंद्रकच नसतं. औषधाने प्रथिन "बाहेर काढलं" असं वाटण्याआधी त्या औषधाने पेशी विभाजनात अडकवल्या का, हे फॉस्फो-हिस्टोन एच३ ही विभाजनाची खूण लावून पाहावं.

दुसरी जास्त गंभीर. लॅमिन ए/सी चं प्रमाण सगळ्या ऊतींत सारखं नसतं. स्नायू आणि हाडासारख्या ताण सोसणाऱ्या ऊतींत ते जास्त, मेंदूसारख्या मऊ ऊतीत कमी, लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिलमध्ये फारच थोडं. लॅमिन ए/सी बनवणाऱ्या एलएमएनए जनुकात बिघाड असलेल्या पेशींत केंद्रक आधीच कमकुवत असतं. लॅमिन ए/सी नसेल तर एमेरिन आतल्या पटलात टिकत नाही आणि जालिकेत पसरतं. अशा पेशी आणि निरोगी पेशी शेजारी शेजारी ठेवून एकाच मात्रेचं डिटर्जंट दिलं तर कमकुवत केंद्रक जास्त गळतं आणि रोगामुळे प्रथिन पेशीद्रवात आलं असा खोटा निष्कर्ष हाती येतो. प्रोजेरियासारख्या (बालपणीच वार्धक्य आणणारा विकार) लॅमिनच्या विकारांवर काम करणाऱ्यांनी या किटची तुलना एकमेव पुरावा म्हणून वापरू नये. निदान डिटर्जंटच्या तीन मात्रा, म्हणजे सुचवलेली, तिच्या निम्मी आणि पाव, लावून फरक कायम राहतो का ते पाहावं.

बदली पर्याय

प्रद्रव्यपटल फोडायचं पण केंद्रकपटल राखायचं असेल तर डिजिटोनिन. ते कोलेस्टेरॉलला धरतं. प्रद्रव्यपटलात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, जालिकेत आणि केंद्रकपटलात कमी. म्हणून प्रति मिलिलिटर २० ते ५० मायक्रोग्रॅम, बर्फावर ५ मिनिटं, एवढ्याने प्रद्रव्यपटल छिद्रमय होतं आणि केंद्रकाची दोन्ही पटलं शाबूत राहतात. ॲडम, स्टर्न-मार आणि गेरॅस यांनी १९९० मध्ये याच युक्तीने केंद्रकात प्रथिनं जाण्याची क्रिया अर्धवट उघड्या पेशींत चालवून दाखवली. बरोबर मात्रा ओळखण्याची खूणही नेमकी आहे. स्थिर केलेल्या पेशीत डिजिटोनिननंतर ट्यूब्युलिनची अँटिबॉडी रंगायला हवी, लॅमिनची नको. ट्रायटननंतर दोन्ही रंगायला हव्यात. लॅमिन आधीच रंगलं तर मात्रा जास्त झाली. डिजिटोनिनची शुद्धता बॅचनुसार बदलते, त्यामुळे प्रत्येक नव्या बाटलीला हे मोजमाप नव्याने करावं लागतं. लहान प्रथिनांची गळती मात्र यानेही थांबत नाही, कारण रंध्रं उघडीच असतात.

अगदी शुद्ध केंद्रकं हवी असतील तर ब्लोबेल आणि पॉटर यांची १९६६ ची कृती अजूनही मानक मानली जाते. २.३ मोलर सुक्रोजमधून अल्ट्रासेंट्रीफ्यूजवर केंद्रकं खाली उतरवायची. बाकी सगळं हलकं असल्याने वर राहतं. यकृतासाठी ती सुंदर चालते. प्लेटवर वाढवलेल्या मूठभर पेशींसाठी मात्र फार माल वाया जातो.

गोठवलेल्या पेशी किंवा ऊती या किटला देऊ नयेत, पत्रकात काहीही लिहिलेलं असो. बर्फाचे स्फटिक दोन्ही पटलं फाडतात आणि वितळताना केंद्रकातला माल बाहेर पडतो. ताजी ऊती बारीक चिरून पहिल्या द्रावणात डाउन्सने मोडावी, १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावी आणि मगच दुसरं द्रावण घालावं. तंतुमय ऊतीत दांडा वीसेक वेळा फिरवावा लागतो. दर पाच वेळांनी ट्रिपॅन ब्लूखाली पाहत गेलं तर कुठे थांबायचं ते कळतं.

रोज डझनभर नमुने काढणाऱ्या प्रयोगशाळेने डिग्नम किंवा श्रायबर यांची द्रावणं स्वतः बनवावीत. घटक उघड असल्याने मात्रा बदलता येतात आणि खर्च किटच्या तुलनेत नगण्य येतो. महिन्यातून एखाद्या वेळी पी६५ पाहणाऱ्यांना किट सोयीचं आहे: बाटल्यांत बॅचनुसार फरक कमी असतो. तिन्ही द्रावणं ४ अंशांवर ठेवावीत, पहिल्या बाटलीत डीटीटी घालून साठवू नये, आणि किटचा लॉट बदलला की टीएनएफ-अल्फाची चाचणी पुन्हा एकदा लावून घ्यावी.